मोटार अपघात नुकसानभरपाईची अपिले

मोटार वाहनाच्या वापरातून उद्‌भवलेल्या अपघातात एखाद्यास इजा झाली अथवा मृत्यू आला, तर जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना मिळावयाच्या भरपाईबाबत दावा न्यायाधिकरणाने दिलेल्या निवाड्याविरुद्ध वरिष्ठ न्यायालयाकडे केलेली दाद. भारतात असे अपील उच्च न्यायालयात दाखल होते व त्यानंतर संविधानाच्या १३६ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीने पुढे जाऊ शकते. ‘न्याय्य भरपाई’ द्यावी, एवढेच मूळ कायदा सांगतो. न्याय्य म्हणजे किती व ती कोणी द्यावयाची, हे बव्हंशी अपिलांतील निर्णयांनीच ठरत गेले. त्यामुळे या अपिलांचा इतिहास हा एका अर्थी भरपाईच्या कायद्याचाच इतिहास होय.

पार्श्वभूमी : इंग्लंडच्या रूढ विधीनुसार दुसऱ्याच्या हयगयीमुळे जखमी झालेल्याला भरपाई मागता येई, मात्र तो मरण पावल्यास त्याचा हक्क त्याच्याबरोबरच संपे व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना काहीही मिळत नसे. मनुष्याच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात तक्रार करता येत नाही, असे १८०८ मध्ये तेथील न्यायालयाने सांगितले होते. रेल्वेच्या प्रसाराबरोबर अपघात वाढले, तेव्हा हा नियम असह्य ठरला आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल याच्या पुढाकाराने प्राणघातक अपघातांविषयीचा अधिनियम संमत झाला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा तेरावा अधिनियम करण्यात आला. त्याखाली मृताची पत्नी किंवा पती, आईबाप व अपत्ये यांनाच भरपाई मिळू शके. मोटार अपघाताचे दावे पुढील शंभर वर्षे या अधिनियमाच्या व ⟶ अपकृत्य विधीच्या आधारे सामान्य दिवाणी न्यायालयांत चालले. दाव्याच्या रकमेनुसार मुद्रांकशुल्क भरावे लागे आणि प्रतिवादीची हयगय वादीलाच सिद्ध करावी लागे. कमावता माणूस अंथरुणाला खिळलेल्या कुटुंबाला हा खर्च व ही प्रतीक्षा परवडणारी नव्हती.

मोटार वाहनांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय अधिनियम १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या अधिनियमाने घेतली. त्यातील आठव्या प्रकरणाने त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. हे प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. सक्तीच्या विम्यामुळे मोटारमालक कफल्लक असला, तरी जखमीला वसुलीचे साधन उपलब्ध झाले. परंतु खटला दिवाणी न्यायालयातच चालत राहिल्याने दिरंगाई कायम राहिली.

दावा न्यायाधिकरणे व अपिलाची तरतूद : १९५६ च्या दुरुस्तीने ११०-अ ते ११०-फ ही कलमे अधिनियमात घालण्यात आली. राज्य शासनांना दावा न्यायाधिकरणे स्थापण्याचा अधिकार मिळाला व जेथे ती स्थापन होतील, तेथे दिवाणी न्यायालयांची अधिकारिता वगळण्यात आली. महाराष्ट्रात जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे न्यायाधीशच या न्यायाधिकरणांचे काम पाहतात. अर्जासाठी आरंभी साठ दिवसांची मुदत होती. ती १९६९ मध्ये सहा महिने झाली. निवाड्याविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येई. मात्र अपिलातील वादाची रक्कम दोन हजार रुपयांहून कमी असल्यास अपील चालत नसे.

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमाने कलम १७३ मध्ये हीच रचना कायम ठेवली. नव्वद दिवसांची मुदत तीच राहिली व पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकारही राहिला. किमान रक्कम दहा हजार रुपये झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ती एक लाख रुपये करण्यात आली. निवाड्याप्रमाणे रक्कम देणे ज्याच्यावर बंधनकारक आहे, त्याने अपील करताना पंचवीस हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती जमा करावी, अशी नवी अट त्यात आली. केवळ पैसे लांबणीवर टाकण्यासाठी अपील केले जाऊ नये, हा या अटीचा हेतू. तथापि मोठ्या निवाड्यांच्या मानाने पंचवीस हजार ही रक्कम अल्प असल्यामुळे अपील करताना बहुधा निवाड्याच्या अंमलबजावणीला स्थगितीही मागितली जाते, आणि उच्च न्यायालये ती देताना उरलेली रक्कम सर्व किंवा अंशतः जमा करण्याची व त्यातील काही भाग जखमीला काढू देण्याची अट घालतात.

हयगयीचा प्रश्न : भरपाईसाठी चालकाची हयगय सिद्ध होणे आवश्यक आहे काय, हा अपिलांतील पहिला मोठा वाद. वाहनाच्या वापरामुळे इजा झाली एवढे पुरेसे आहे, असा दृष्टिकोन मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्वीकारला होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला व कायद्यात तशी तरतूद होईपर्यंत हयगय सिद्ध करणे अपरिहार्य आहे, असे ठरविले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातून आलेल्या एका अपिलात मात्र पुराव्याचा भार हलका करण्यात आला. रस्ता सोडून झाडावर आदळलेल्या मोटारीतील प्रवाशाच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. मोटार नीट चालविली असता ती झाडावर जात नाही. म्हणून अपघाताची परिस्थितीच हयगय दर्शविते व ती नव्हती हे प्रतिवादीने दाखवावे, असे न्यायालयाने म्हटले. गाडी चालविणारा मालक-कंपनीचा कर्मचारी असल्याने कंपनीही जबाबदार ठरली. परंतु खाजगी मोटारीतील प्रवाशाचा विमा त्या काळी सक्तीचा नव्हता. परिणामी विमा कंपनीचे दायित्व विमापत्रातील पंधरा हजार रुपयांपुरतेच राहिले. अपील जिंकूनही वसुली मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते, हे या प्रकरणावरून स्पष्ट झाले.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७९ व १९८० मधील दोन निर्णयांत या क्षेत्रातील न्यायदानाला वेगळे वळण दिले. पहिल्या निर्णयात, वकिलाने मुदतीची गणना चुकविल्यामुळे झालेला विलंब माफ करतानाच, भरपाईचा कायदा दोषनिरपेक्ष जबाबदारीच्या दिशेने विकसित झाला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. दुसऱ्या निर्णयात, फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप फसत नाही आणि किरकोळ शंकांचा फायदा देऊन न्यायाधिकरणांनी वाहनमालकांना मोकळे सोडू नये, असे सांगितले. संसदेने १९८२ मध्ये दोषनिरपेक्ष जबाबदारीचे तत्त्व अंशतः स्वीकारले. मृत्यूबद्दल पंधरा हजार व कायमच्या अपंगत्वाबद्दल साडेसात हजार रुपये हयगयीचा पुरावा न घेता देण्याची तरतूद १ ऑक्टोबर १९८२ पासून लागू झाली. १९८८ च्या अधिनियमाने या रकमा अनुक्रमे पंचवीस हजार व बारा हजार रुपये, तर १९९४ च्या दुरुस्तीने पन्नास हजार व पंचवीस हजार रुपये केल्या. १ एप्रिल २०२२ पासून या तरतुदींऐवजी नवे कलम १६४ अंमलात आले. त्यानुसार मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. यांहून अधिक रक्कम हवी असल्यास कलम १६६ खाली हयगय सिद्ध करण्याचा मार्ग मोकळा आहे; मात्र दोन्ही मार्गांचा लाभ एकत्र घेता येत नाही.

विमा कंपनीचे दायित्व : बहुसंख्य अपिले विमा कंपन्यांकडून होतात. कंपनीला कोणते बचाव घेता येतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरला. कायद्यात नमूद केलेल्या बचावांव्यतिरिक्त अन्य बचाव तिला घेता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ठरविले. विमापत्रातील शर्तींचा भंग हा विमेदार व कंपनी यांच्यातील प्रश्न असून त्याचा फटका त्रयस्थ जखमीला बसू नये, हे त्यामागील सूत्र. २००२ मध्ये त्रिसदस्य न्यायपीठाने, न्यायाधिकरणाची कलम १७० खालील परवानगी घेतली नसेल, तर भरपाईच्या रकमेविरुद्ध कंपनीला अपील करता येत नाही, असे म्हटले. २०११ मध्ये दुसऱ्या त्रिसदस्य पीठाने, कंपनीला केवळ नोटीस दिलेली नसून पक्षकार म्हणून सामील केलेले असेल, तर तिला सर्व मुद्द्यांवर लढता येईल, असा निर्वाळा दिला.

विम्याच्या मर्यादेचा वादही असाच अपिलांतून सुटला. जुन्या अधिनियमात मालवाहू वाहनाबाबत ‘एका अपघातासाठी’ वीस हजार रुपये अशी मर्यादा होती. एकाच धडकेत अनेक जण बळी पडले, तर ती रक्कम सर्वांत वाटावयाची की प्रत्येकाला स्वतंत्र धरावयाची? सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी १९८१ च्या निर्णयात दुसरा अर्थ ग्राह्य मानला : अपघात हा शब्द वाहनाच्या नव्हे, तर त्यात सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने वाचला पाहिजे, जितके बळी, तितके अपघात. १९८८ च्या अधिनियमाने मृत्यू व इजा यांबाबतची मर्यादाच काढून टाकली.

चालकाकडे योग्य परवाना नव्हता, हा कंपन्यांचा नेहमीचा आक्षेप. परवाना नसणे वा बनावट असणे एवढ्यावरून कंपनी सुटत नाही. विमेदाराने स्वतः दक्षता घेतली नव्हती, हे तिने सिद्ध केले पाहिजे, असे २००४ मध्ये ठरले. तसे सिद्ध झाले, तरी प्रथम जखमीला रक्कम देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायालये देऊ लागली. ‘आधी द्या, मग वसूल करा’ या नावाने हा प्रघात ओळखला जातो. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोग्रॅमपर्यंतच्या वजनाचे प्रवासी वा मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येते, असा निर्णय घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्यावर या आक्षेपाचे क्षेत्र आणखी आक्रसले.

भरपाईचे मोजमाप : निरनिराळी न्यायाधिकरणे सारख्याच परिस्थितीत भिन्न रकमा देत. काही ठिकाणी मृताची उरलेली संभाव्य वर्षे मोजून वार्षिक उत्पन्नाला थेट गुणले जाई, तर काही ठिकाणी अंदाजाने रक्कम ठरे. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९४२ मध्ये मान्य केलेली ‘गुणक’ पद्धती अधिक शास्त्रशुद्ध असल्याचे भारतीय सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात (१९९४) सांगितले. एकरकमी मिळालेल्या पैशावर व्याज मिळते आणि आयुष्यात अन्य अनिश्चितताही असतात. म्हणून गुणक हा उरलेल्या वर्षांहून बराच लहान असावा लागतो. १९९६ मध्ये तो अठराहून अधिक असू नये, असे ठरले. दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धच्या २००९ मधील निर्णयात वयोगटानुसार निश्चित कोष्टक देण्यात आले. त्यात २५ वर्षांपर्यंत १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५ असा क्रम असून ६६ ते ७० वर्षांसाठी गुणक ५ आहे. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी करावयाची वजावटही तेथेच निश्चित झाली : आश्रित दोन किंवा तीन असल्यास एक तृतीयांश, चार ते सहा असल्यास एक चतुर्थांश, त्याहून अधिक असल्यास एक पंचमांश आणि अविवाहिताबाबत सामान्यतः निम्मी.

३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीचा वाद मिटविला. कायम नोकरी असलेल्याच्या उत्पन्नात चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० वयात ३० टक्के व ५० ते ६० वयात १५ टक्के वाढ धरावी. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या अथवा ठराविक वेतनावरील व्यक्तीबाबत हे प्रमाण अनुक्रमे ४०, २५ व १० टक्के असावे, असे पीठाने ठरविले. मालमत्तेची हानी व अंत्यविधीचा खर्च यांसाठी प्रत्येकी पंधरा हजार आणि सहवासहानीसाठी चाळीस हजार रुपये निश्चित करून दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ करण्यास सांगितले. शेतमजूर, फेरीवाला वा सुतार यांच्याही उत्पन्नात काळानुसार वाढ होते, ही गोष्ट या निर्णयाने सर्व देशासाठी मान्य झाली.

गृहिणीच्या श्रमाचे मूल्य हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. ‘उत्पन्न नाही’ म्हणून तिच्या मृत्यूबद्दल नाममात्र रक्कम देण्याची प्रवृत्ती २००१, २०१० व २०२१ मधील निर्णयांनी टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. घरातील स्वयंपाक, मुलांचे व वृद्धांचे संगोपन यांना आर्थिक मूल्य आहे व त्याचे कल्पित उत्पन्न धरलेच पाहिजे, ही भूमिका आता स्थिर झाली आहे.

जखमींची भरपाई : मृत्यूच्या दाव्यापेक्षा कायमच्या इजेचा दावा अधिक गुंतागुंतीचा असतो. मृताच्या बाबतीत गणित एकदाच मांडावयाचे असते; जखमीला पुढील सर्व आयुष्य त्याच शरीराने काढावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा भरपाईचे दोन भाग केले. पहिला आर्थिक : औषधोपचार, बुडालेली कमाई, परिचारक, प्रवास इत्यादी. दुसरा आर्थिकेतर : शारीरिक व मानसिक यातना, जीवनातील सुखाला मुकणे, आयुर्मान घटणे इत्यादी. २०११ च्या एका निर्णयाने वैद्यकीय अपंगत्व व कमाईच्या क्षमतेतील घट यांतील भेद स्पष्ट केला. डावा हात गमावलेल्या व्यक्तीचे शारीरिक अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. परंतु ती व्यक्ती वाहनचालक किंवा सुतार असेल, तर तिची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते आणि सरकारी कार्यालयातील लिपिक असेल, तर नोकरी टिकूही शकते. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यातील टक्केवारी तशीच उचलून चालत नाही; जखमीचे काम, वय व शिक्षण पाहून न्यायाधिकरणानेच कमाईतील घट ठरविली पाहिजे.

या भेदाने अपिलात किती फरक पडतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. दरमहा २०,००० रुपये मिळविणाऱ्या तीस वर्षांच्या सुताराचा डावा हात तुटला, असे समजू. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये, त्यात ४० टक्के भावी वाढ धरता ३,३६,००० रुपये, गुणक १७. न्यायाधिकरणाने ६० टक्के घट धरल्यास या सदराखाली ३४,२७,२०० रुपये होतात. उच्च न्यायालयाने शंभर टक्के घट मान्य केल्यास ५७,१२,००० रुपये होतात. जखमी जिवंत असल्याने स्वतःच्या खर्चाची वजावट येथे होत नाही. जखमीलाही भावी उत्पन्नवाढीचा लाभ मिळाला पाहिजे, हे २०२० मध्ये स्पष्ट करण्यात आले. त्याच वर्षी, अपघातामुळे आयुष्यभर पराधीन झालेल्या एका मुलीच्या अपिलात परिचारकाचा खर्चही गुणक पद्धतीने मोजण्यात आला. कमावत्या नसलेल्या मुलांसाठी अपंगत्वाच्या प्रमाणानुसार एकरकमी भरपाईचे टप्पे २०१३ मध्ये आखून दिले गेले.

अपील न्यायालयाचे अधिकार : भरपाईचे अपील हे तथ्य व विधी या दोहोंवर चालणारे प्रथम अपील असते, उच्च न्यायालय पुराव्याचे पुनर्मूल्यन करू शकते. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कमही देता येते, कारण न्याय्य भरपाई ठरविणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे २००३ मध्ये ठरले. मात्र जखमीने स्वतः अपील किंवा प्रत्याक्षेप केलेला नसेल, तर कंपनीच्या अपिलात त्याला वाढीव रक्कम मिळत नाही; असलेल्या रकमेचे समर्थन मात्र तो कोणत्याही मुद्द्यावर करू शकतो, असे २०११ मध्ये सांगण्यात आले. ही मर्यादा पुष्कळांना ठाऊक नसते व त्यामुळे मिळू शकणारी वाढ हातची जाते. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसरा जखमी झाल्यास तो संपूर्ण रक्कम कोणत्याही एकाकडून मागू शकतो (२०१५). परंतु त्याचीही हयगय असल्यास तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते.

मिळालेली रक्कम नातलगांनी वा मध्यस्थांनी लाटू नये, यासाठी अज्ञान व निरक्षर व्यक्तींच्या नावे ती मुदतठेवीत ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे गुजरात उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये घालून दिली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

दिरंगाई व सुधारणा : अपील जितके लांबते, तितके जखमीचे पारडे हलके होते. निवाड्यावर व्याज मिळते, पण शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम अवयव यांची गरज व्याजासाठी थांबत नाही. म्हणूनच अनेक जण कमी रकमेवर तडजोड करतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असून त्याविरुद्ध अपील नसते. त्यामुळे पैसे लवकर मिळतात, तथापि रक्कम अपुरी वाटल्यास मागे वळता येत नाही. १९९४ मध्ये काढून टाकलेली अर्जाची मुदत १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने म्हणून पुन्हा लागू झाली. त्याच दिवसापासून पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक व ९० दिवसांत सविस्तर अपघात-अहवाल न्यायाधिकरणास देण्याचे नियमही अंमलात आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर पालनाचे आदेश दिले. पुरावा आरंभीच गोळा झाला, तर अपिलात वादाला जागा कमी उरते.

महाराष्ट्र व गोव्यातील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठापुढे आणि नागपूर, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) व गोवा येथील पीठांपुढे चालतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. कुबड्यांवर चालणाऱ्या अर्जदाराच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

सारांश, १८५५ च्या अधिनियमाने मोजक्या नातलगांना दिलेला हक्क १९८७ मध्ये मृताच्या भावांपर्यंत पोचला, हयगयीच्या कठोर पुराव्याची अट सैल झाली आणि अंदाजाची जागा कोष्टकाने घेतली. हे बदल संसदेच्या दुरुस्त्यांइतकेच सामान्य पक्षकारांच्या अपिलांनी घडविले. मोजमापाची सूत्रे आता बरीच निश्चित आहेत. ती वेळेत लागू होणे व रक्कम जखमीच्या हाती उपयोगाच्या काळात पडणे, हाच यापुढील प्रश्न आहे.